आकड्यांचं पुसून घे

माझा थोरला भाऊ पुण्याला गेला तेव्हा आमच्यासारखंच बोलायचा. आता फोनवर मी ‘चक्कर काय आहे’ म्हटलं, की तो पलीकडून ‘भानगड म्हण, भानगड’ अशी दुरुस्ती करतो. उज्जैनच्या मराठीचं त्याला हसू येतं आणि ते तो लपवत नाही. त्या हसण्याची मला सवय होती. त्याचा उपयोगही करून घेता येतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

मी जुन्या गाड्यांचे वेग दाखवणारे मीटर नीट करून देतो. उज्जैनच्या नानाखेडा भागातल्या घरात पुढच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल आहे. उन्हानं विटलेल्या तबकड्या, लालचे गुलाबी झालेले काटे, पिवळ्या पडलेल्या काचा, असा सगळा संसार त्यावर मांडलेला असतो. हे काम बाबांनी शिकवलं. ते बसडेपोच्या वर्कशॉपात मीटरच्या कामाला होते. काटा उपटायचा नाही, दोन बाजूंनी दोन चमचे सरकवून अलगद उचलायचा. विटलेला आकडा खरवडायचा नाही, तबकडी तिरप्या उजेडात धरायची. रंग उडाला तरी त्याचा थर राहतो आणि थराची बारीक सावली पडते. त्या सावलीवरून कुंचला फिरवला, की ज्यानं आकडा काढला त्याचाच तो राहतो. आपण फक्त रंग भरतो.

बाबांची स्वतःची एक जुनी काळी मोटार होती. आईला इंग्रजी आकडे येत नव्हते. बाबा गाडी पळवतात ही तिची कायमची तक्रार, आणि चाळीसच्या वर जात नाही हे बाबांचं कायमचं उत्तर. शेवटी एका रविवारी बाबांनी तबकडी काढली, तिला काळा रंग दिला आणि दहापासून एकशेवीसपर्यंत मराठी आकडे लिहिले. पाच, आठ आणि नऊ आमच्या घरच्या वळणाचे, इथल्या दुकानांच्या हिंदी पाट्यांवर होते तसे नव्हेत. मग राम घाटावर जाताना आई शेजारी बसून तबकडी वाचायची आणि काटा पंचेचाळीसला टेकला की ‘पुरे’ म्हणायची. बायकोच्या हातात आपणहून लगाम देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आई गेल्यावर दादा मोटार पुण्याला घेऊन गेला. इथे धूळ खात पडेल म्हणाला. पडलीही असती, खोटं कशाला बोलू. तिकडे त्यानं तिचा पत्रा, गाद्या, इंजिन, सगळं नव्यासारखं करून घेतलं, कारण त्याला ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उतरवायची होती. तबकडी तेवढी राहिली होती. ती तो माझ्याकडे पाठवणार होता, आणि त्याला कंपनीचे मूळ इंग्रजी आकडे हवे होते. परीक्षक म्हणे गाडी कारखान्यातून निघाली तशीच मागतात.

त्या सुमाराला काचबिंदूनं बाबांचा एक डोळा गेलेला होता. दुसऱ्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, आणि तेही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तबकडी येणार हे बाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते पलंगावर उठून बसले.

“आली की पहिले मला दाखव,” म्हणाले. “मला माझे आकडे एकदा बघायचेत. तोवर हात नको लावू.”

नजर जाणाऱ्या माणसाला काय काय बघायचं असतं. बाबांनी त्या वर्षात एवढंच मागितलं. म्हणून मी दादाला मेसेज लिहिला: ‘पाठवण्याआधी आकड्यांचं पुसून घे.’

आता हे पुण्याच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं. ‘आईला पुस’, ‘पुसल्याबगैर घेऊ नको’, ‘मास्तरांना पुसलं का?’ हे ऐकतच आम्ही दोघं वाढलो. भांडं, पाटी, टेबल, नाक हे आम्ही पोछतो, किंवा फडकं मारतो. मी लिहिलं त्याचा अर्थ एकच होता: आकड्यांचं काय करायचं ते फोन करून बाबांनाच विचार, मग पाठव. ‘बाबांना’ हा शब्द मी गाळला. दुसरं कुणाला पुसणार, असं मला वाटलं. हा माझा गाढवपणा, तो मी कबूल करतो.

पार्सल देवास गेटच्या कुरियरवाल्याकडे आलं. “भैया, हल्का है, कुछ है भी इसमें?” त्यानं विचारलं. घरी आणून मी ते बाबांच्या समोर न खोलता आधी टेबलावर खोललं. सवयीनं तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. काही नव्हतं. थर नाही, सावली नाही. आरशासारखा गुळगुळीत पत्रा, आणि वास थिनरचा.

मी फोन लावला.

“अरे, तूच लिहिलंस ना, पुसून घे म्हणून,” दादा म्हणाला. “मी स्वतः बसून थिनरनं स्वच्छ पुसली. तुझं काम वाचवलं उलट.”

“दादा, आपल्याकडे पुसणं म्हणजे काय?”

“आपल्याकडे म्हणजे कुठे? मराठीत पुसणं म्हणजे पुसणं. विचारायचं होतं तर विचार लिहायचं. तुमचं ते अर्धं हिंदी मला आता कळत नाही रे.” वर म्हणाला, “आणि तसंही ते आकडे जायचेच होते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘आकड्यांचं पुसून घे’ लिहिलं होतं, ‘आकडे पुसून घे’ नव्हे. तो ‘चं’ आपल्या शुद्ध मराठीत त्यानं कुठे घातला, हे मी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं. ज्यानं लहानपणी आईला पुसल्याशिवाय बिस्किटाचा डबा उघडला नाही, त्याला तो शब्द कळला नाही यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. बाबांना विचारलं असतं तर बाबा नाही म्हणाले असते, आणि बाबांना नाही म्हणायची संधीच द्यायची नव्हती. तोंडाला पानं पुसणं तेवढं पुण्यात आणि उज्जैनात सारखंच.

बाबा रोज विचारायचे, आली का. मी आठ दिवस कुरियरवर ढकललं. तेवढ्या दिवसांत आठवून आठवून बाबांच्या वळणाचे आकडे काढले, दोनदा घासून पुन्हा काढले आणि सकाळी अंगणात त्यांच्या हातात तबकडी दिली. त्यांनी मान कलती करून ती डोळ्याजवळ नेली. नळीएवढ्या नजरेत एका वेळी एकच आकडा मावायचा. दहापासून सुरुवात करून ते पन्नासावर थांबले.

“हा पाच तू काढलाय.”

मी सगळं सांगितलं. दादाला झाकायचं ठरवलं होतं, पण नाही झाकलं. मला बाबांनी चिडायला हवं होतं. एकदा तरी त्याच्यावर चिडावं, माझ्या बाजूनं.

बाबांनी तबकडी माझ्या मांडीवर ठेवली. “गाडी त्याची आहे,” म्हणाले. “त्याला पाहिजे तसं करून दे. पण कंपनीचे आकडे तुला येणार नाहीत. चार वरून खुला असतो, आणि दोनची शेपटी सरळ. मी सांगतो, तू काढ.”

मग दोन आठवडे रोज सकाळी आम्ही बसलो. मी एक आकडा काढायचो, बाबा नाक टेकवून बघायचे आणि “शेपटी लंबी झाली” म्हणून पुन्हा काढायला लावायचे. त्यांची जी काही नजर शिल्लक होती ती त्या बारा इंग्रजी आकड्यांवर गेली. शेवटचे दोन आकडे त्यांनी पाहिले की नुसतं हं म्हटलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या दिवसांत मी दादाचा जेवढा द्वेष केला, तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही.

प्रदर्शनाचा फोटो आला तोवर बाबांना काहीच दिसत नव्हतं. मोटारीच्या बॉनेटवर निळी फीत, शेजारी दादा. खाली लिहिलं होतं: ‘पहिली आली. तबकडी अगदी ओरिजिनल दिसतेय, परीक्षकांनी खास विचारलं.’

फोनची घंटी बाबांनी ऐकली होती. “त्याचा मेसेज ना? काय म्हणतोय?”

“पहिला नंबर आला,” मी म्हणालो. “आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

बाबांनी हात वर केला, आशीर्वाद देताना करत तसा. नमस्काराचं त्यानं काही लिहिलं नव्हतं.