फक्त ताईंकडं उघडणारं फोल्डर

विट्याच्या क्रांतीताई साखर कारखान्याच्या शेती खात्यात टायपिस्ट होत्या. खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची हिंमत त्यांनीच केली. बाकीचे झटका बसेल म्हणून लांब उभे. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की एकच हाक यायची, "ताई, जरा येताय का?" ताई कपाळाला आठ्या घालून उठायच्या, पण त्या हाकेवर त्यांचा जीव होता. घरी नवऱ्याने कधी एवढ्या अजिजीने हाक मारली नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली सर्व्हर आला आणि तो सांभाळायला सांगलीत कोर्स केलेली नीलिमा आली. ऊसतोडीचा रोजचा प्रोग्राम, म्हणजे कुठल्या फडावर कुठल्या गाड्या जायच्या ती यादी, आता सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये राहू लागला. जो तो आपल्या टेबलावरून तो उघडायचा, आणि उघडला नाही की ओरडायचा, "नीलिमा मॅडम!" ताई तिथंच बसलेल्या असायच्या, पण कुणी मान वळवून बघेल तर शपथ. ताईंना पोरगी हसली तर आगाऊ वाटायची आणि गप्प बसली तर शिष्ट.

त्यातून ती स्वभावाने चांगली, हे तर फारच झालं. "मी रजेवर गेले तर तुमालाच बगाय लागंल, ताई," म्हणून तिने त्यांना सर्व्हरचा पासवर्ड दिला. फोल्डर कुणाला उघडू द्यायचं, कुणाला नाकारायचं, तेही दाखवलं. "एवडं मातर ध्येनात ठेवा," असं म्हणून ती पुढे काहीतरी सांगत होती, पण ताईंचं सगळं लक्ष तिच्या मनगटावर होतं. येऊन वर्ष झालं नाही, तर बाईसाहेबांना नवं घड्याळ!

पुढे नीलिमा एका लग्नासाठी कवठे महांकाळला गेली. त्या संध्याकाळी ताई सर्व्हरपुढे जाऊन बसल्या. खात्यातले सगळेजण सर्व्हरवर एकाच गटात होते. ताईंनी त्या अख्ख्या गटाला नकार लावला आणि खाली स्वतःच्या एकटीच्या नावाला पूर्ण परवानगी दिली. उद्या फोल्डर सगळ्यांकडे बंद आणि ताईंकडे उघडं. मग बघू कुणाला हाक मारतात ते!

सकाळी शेती कारकून जोतीराम ओरडायला लागला, "आवं, प्रोग्राम उघडंना! तोडकरी बसून हायती, गाड्या कुटल्या फडावर धाडू?"

ताईंनी सावकाश चष्मा पुसला. "माज्याकडं उगडतंय. या समदी हिकडं."

सगळे टेबलाभोवती जमले. ताईंनी ऐटीत क्लिक केलं. 'ॲक्सेस इज डिनाइड.' पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"तुमच्याकडं बी न्हाईच की," जोतीराम म्हणाला. ताईंनी तिसऱ्यांदा क्लिक केलं.

तेवढ्यात नीलिमा एसटीतून उतरून आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता सर्व्हरच्या खोलीत शिरली. ताई तिच्या मागे गेल्या. पडद्यावर यादी उघडली: वर सगळ्या गटाला नकार, खाली एकच नाव, पूर्ण परवानगी. नीलिमाने पडद्याकडे बघितलं, मग ताईंकडे.

"त्या दिवशी सांगितलं हुतं की, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "गटाला नकार लावला की त्यातल्या कुनाला येगळी परवानगी देऊन उपेग न्हाई. नकारच चालतो. तुमी बी त्याच गटात हायसा."

तिने नकार काढला, दारात गेली आणि मोठ्याने म्हणाली, "झालं! ताईंनी बरोबर शोधलं."

"ताई हुत्या म्हनून बरं!" जोतीराम ओरडला आणि त्याने ताईंसाठी चहा मागवला. त्या दिवसापासून पुन्हा "ताई, जरा येताय का?" सुरू झालं. दर हाकेला नीलिमा मुद्दाम मान खाली घालून काम करत राही.

तिने साहेबांपुढे उभं केलं असतं तर ताई रडून, भांडून मोकळ्या झाल्या असत्या. पण आता ती हाकसुद्धा नीलिमाने दिलेली होती. आधी ताईंना तिचा हेवा वाटायचा. आता त्यांना तिचं तोंड बघवेना.