जपानी पोरांचा इंग्रजी मास्तर, मुक्काम हॅनोव्हर

विट्याच्या स्टँडवर मला निरोप द्यायला अख्खं गाव लोटलं होतं. खरं सांगायचं तर अकरा माणसं होती, आणि त्यातली तीन आपापल्या गाडीची वाट बघत होती. पण दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठणकावून सांगितलं, "आमचा प्रमोद जर्मनीला शिकवायला चाललाय!" दादा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची कुजबुजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जाते.

वास्तविक नोकरी लागली होती सायलीला, माझ्या बायकोला. हॅनोव्हरमध्ये, गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करायची. मी हायस्कूलातला गणिताचा मास्तर, दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकून तिच्या व्हिसाला लोंबकळत निघालेला. पण चारचौघांत बापाला खोटं पाडायचं कसं? मी मान डोलावली, आणि तिथंच फसलो.

इथं माझ्या बी.एड.ला मान्यता मिळावी म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, आणखी एक कागद पाठवा. मी इतके कागद पाठवले, की माझ्यापायी इथलं एखादं जंगल तरी नक्की तुटलं असेल. उरलेला वेळ खिडकीत. समोरच्या बाल्कनीतल्या कुंड्या मला तोंडपाठ झाल्या होत्या.

मग सायलीच्या एका जपानी सहकाऱ्यानं विचारलं, शनिवारी आमच्या मुलांना इंग्रजी आकडे शिकवाल का? कंपनी पुढच्या बदलीला कुठं धाडेल याचा नेम नाही, निदान आकडे तरी यावेत. चर्चच्या तळघरातली एक खोली, पाच ते सात वर्षांची सहा मुलं. दादांना मी फोनवर सांगितलं: साठ मुलं, काचेची इमारत आणि मला स्वतंत्र केबिन.

पहिल्याच दिवशी मी "फाइव्ह" म्हणून पंजा दाखवला, तर समोरून सहा मुठी आल्या. मला वाटलं, बंड झालं! युई नावाच्या सहा वर्षांच्या पोरीनं मग मलाच शिकवलं: मोजताना अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जायचं, पाच झाले की मूठ. मी आपली बोटांची पेरं मोजून दाखवली, तर पोरांना वाटलं सरांना खाज सुटलीय. गोंधळ ऐकून इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर झाडू घेऊन आत आले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि अंगठा वर केला. एक असा असतो म्हणाले. "गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे 'अगदी बरोबर'. या देशात कुठलाही वाद मिटवायला तेवढा शब्द पुरतो.

युईनं शिकलेले आकडे लगेच वापरात आणले. मला ती सेन्सेई म्हणायची, म्हणजे सर. "सेन्सेई, एटीन सॅटरडे. देन होम." पुढच्या शनिवारी सेव्हन्टीन. तिच्या बाबांची इथली मुदत संपत आली होती. एवढ्याशा पोरीच्या मुक्कामाला आकडा होता. मास्तरच्या मुक्कामाला नव्हता.

त्यात दादांचा फोन. "जूनमध्ये तुझी रजा संपते, शाळेतून विचारतायत. साठ पोरं टाकून तू कशाला येतोस? राजीनामा पाठव, दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल."

आणि मला तर तीच जागा हवी होती! तो फळा, मधल्या सुट्टीतला तो पाणचट चहा. सायलीला विचारलं, परत जायचं का? लॅपटॉपवरून मान न उचलता ती म्हणाली, "तू म्हणशील तर येईन मी. पण खुशीनं आले असं दादांना सांगायचं नाही. तुझ्या थापांत मला घेऊ नकोस."

एका बाजूला सायली, दुसऱ्या बाजूला माझी थापेतली साठ पोरं. मधे मी.

शेवटी एका रविवारी बोललो. "दादा, पोरं सहा आहेत. तळघर आहे. केबिन नाही."



"सहा," दादा म्हणाले. "आकडे येतात का त्यांना?"

"शंभरापर्यंत. उलटेसुद्धा."

"मग थाप कशाला मारलीस, गाढवा? सुरुवातीला वाडीवरच्या शाळेत मलाही सातच पोरं होती." मग म्हणाले, "यायचं तर ये. गावात कोण काय म्हणतं ते मी बघून घेईन."

दार असं सताड उघडून मिळालं, आणि माझं पाऊल उचलेना. थाप उतरल्यावर कळलं, मला अडवणारी ती थाप नव्हतीच. ब्रेकबद्दल बोलताना सायलीचा चेहरा जसा फुलतो, तसा विट्यात मी कधी पाहिला नव्हता. ते फुलणं पुसून मी कुठल्या फळ्यावर काय लिहिणार होतो? राजीनामा लिहिला, स्वतःच्या हातानं, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह. तेव्हा गावाकडच्यांनो, मला सुटलेला समजू नका. आणि इकडे आलेल्यांनो, तुम्ही घरी फोनवर काय काय सांगता ते मला पाठ आहे. मी अजून अडकलेलाच आहे. फक्त आता कडी आतून लावलीय, आणि लावणारा मी आहे.

दादा दर रविवारी विचारतात, "सात झाली का?"

परवा सांगितलं, "पाच. युई गेली."

"हं," म्हणाले. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. घर म्हणाल, तर सध्या तेवढंच आहे.