चिपवर विश्वास न ठेवणाऱ्या मंदाताई

रबाळ्याच्या कंपनीतला माझा पहिलाच दिवस. सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये आकडे लिहिले जात होते आणि मी पडद्याकडे बघत बसलो होतो. एवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने सरळ प्लगच उपटला. मी चिडून वळलो. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेली एक बाई उभी होती. तिने प्लग परत लावला, चिपमध्ये काय उरलंय ते वाचलं आणि थंडपणे म्हणाली, "गेला तुजा सगला. हॉस्पिटलात लाईट जाते ती तुला इचारून जाते का?"

या मंदाताई ठाकूर, आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. कंपनी नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरचे कंट्रोलर बनवायची. तापमान मोजणाऱ्या प्रत्येक सेन्सरमध्ये थोडी चूक असतेच. ती चूक किती, हा आकडा आम्ही चिपमध्ये लिहून ठेवायचो. चिप तो आकडा विसरली, तर पडद्यावर दिसणार छत्तीस आणि बाळाच्या अंगाशी असणार एकोणचाळीस. बोलता न येणारं लेकरू सांगणार कोणाला?

ताई खाडीकाठच्या गावातल्या. गावाची शेती नव्या शहरात गेली तेव्हा वडिलांना नोकरीचं काहीतरी लिहून मिळालं होतं. वडिलांनी तो कागद पेटीत ठेवला आणि निर्धास्त झाले. गरज पडली तेव्हा पेटी उघडली, तर निम्मा कागद वाळवीने फस्त केलेला. तेव्हापासून ताईंचं एकच म्हणणं, "लिवला म्हनजे ऱ्हायला असा नाय. परत वाचून दाकव." चिपमध्ये लिहिलेला प्रत्येक आकडा त्या परत वाचायला लावत. आम्ही मागे हसायचो, पण वाचायचो.

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा वैताग यायचा. माझा प्रोग्राम दर सेकंदाला तापमान चिपच्या एकाच कप्प्यात लिहीत होता, हेही त्यांनीच पकडलं. चिपचा कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, मग तो झिजतो. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं, पण हातात नव्हतं. ताई म्हणाल्या, "एकाच जाग्यावर घासत ऱ्हायलास तर तव्याला पन भोक पडतं." मग मी मुकाट्याने जागा बदलून बदलून लिहायला लागलो, तेही तापमान बदललं तरच. सेन्सरच्या चुकीचा आकडा तर त्यांनी तीन ठिकाणी लिहायला लावला. एक साक्षीदार फुटला तरी बाकीचे दोघं खरं बोलतील, असा त्यांचा हिशेब. तिन्ही वेगळं बोलले तर काय, हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तसं झालं तर पहिला आकडा खरा धरायचा, असं मी प्रोग्राममध्ये लिहून मोकळा झालो होतो. तिन्ही कशाला बिघडतील, म्हटलं.

मग एके दिवशी खरेदीचे देसाई नव्या व्यापाऱ्याकडून चिपचं खोकं घेऊन आले. ताईंनी एक चिप भिंगाखाली धरली, पाय जरा जास्तच चकाकतायत म्हणाल्या, आणि ती पुसायला लावून हातात घड्याळ घेऊन बसल्या. कोरी चिप चटकन पुसली जाते. ही रेंगाळत होती. तीन-चार चिप तशाच निघाल्यावर ताईंनी निकाल दिला, "ह्या नव्या नाय. ह्यांचा एक संसार झालेला हाय." म्हणजे कोणीतरी जुन्या बोर्डांवरून उखडून, घासूनपुसून, नव्या म्हणून आपल्या गळ्यात मारल्या. यांच्यात आकडे लिहून बोर्ड आठ दिवस गरम ओव्हनमध्ये ठेवायचे आणि मग वाचायचे, असं त्यांनी सांगितलं. थकलेली चिप उष्णतेत लवकर विसरते. पण एका हॉस्पिटलला बारा यंत्रं त्याच शुक्रवारी जायची होती.

देसाईंनी मला चहाच्या टपरीवर गाठलं. हळूच म्हणाले, यात पाणी मुरतंय. म्हातारीचा भाचा इथेच चिप विकतो, आपण दुसरीकडून माल घेतला म्हणून हा तमाशा आहे. मला ते लगेच पटलं. एवढी संशयी बाई, तिच्यावर कोणी संशय घेऊ नये की काय? उलट बरंच वाटलं मला. मी नेहमीची तपासणी केली, लिहिलेलं लगेच वाचून पाहिलं, सगळं बरोबर आलं, आणि माल पास असल्याच्या कागदावर ताईंच्या जागी मी सही केली. ताई मॅनेजरशी भांडल्या, पण मॅनेजरने माझी सही पुढे केली. शुक्रवारी माल गेला. ताईंनी त्याच खोक्यातल्या चिपचे दोन बोर्ड तेवढे ओव्हनमध्ये सरकवले.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. पहिला बोर्ड बरोबर वाचला गेला. दुसऱ्याचे तिन्ही साक्षीदार तीन तऱ्हेचं बोलत होते. तिन्ही वेगळे निघाले तर प्रोग्राम काय करतो, हे मी चाचरत सांगितलं. ताईंनी लगेच हॉस्पिटलला फोन लावला, नव्या वॉर्मरखालची सगळी बाळं आधी काढा म्हणून सांगितलं आणि थर्मामीटरची पेटी उचलली.

हॉस्पिटलात आम्ही दोघांनी एकेक यंत्र थर्मामीटरने तपासलं, तर बारापैकी दोन खोटं दाखवत होती. त्यातल्या एकाखाली फोन येईपर्यंत तीन दिवसांची एक मुलगी होती. सकाळपासून तिला ताप का चढतोय, हे डॉक्टरांना कळत नव्हतं. जुन्या वॉर्मरखाली ठेवल्यावर तासाभरात तो उतरला. तिची आई भिंतीला टेकून बसली होती, तिने आमच्याकडे बघून हात जोडले. मला तिच्याकडे बघवलं नाही. बाराही यंत्रं आम्ही परत आणली.

ताई वर्षअखेरीला निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी पेढे वाटून झाले, माणसं पांगली, तेव्हा मी धीर करून त्यांना देसाईंची गोष्ट सांगितली. म्हटलं, ताई, मी तुमच्यावर संशय घेतला म्हणून सही केली, मला माफ करा.

ताई आधी हसल्या. त्यांचा एकुलता एक भाचा मोरा बंदराच्या जेट्टीवर लाँचची तिकिटं फाडतो. चिप कशाशी खातात, ते त्याला माहीतही नाही. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"माज्यावर शक घेतलास, ते काय चुकला नाय," त्या म्हणाल्या. "तपासला नायस, ते चुकला."