नेढं नसलेली सुई

सुया टोचून दुखणं घालवायची चिनी विद्या मंजुळानं गारखेड्यातल्या दवाखान्यात पाहिली होती. ती तिथं मदतनीस होती, आणि आता त्याच विद्येचा कोर्स करावा असं तिच्या मनानं घेतलं होतं. गंगापूरला घरी मात्र सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीला चीन कशाला हवा, म्हणून मुंजाबाकाका पोट धरून हसला. मग तीही डळमळली, आणि बापाच्या शब्दाखातर बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पाटावर बसली.

मुलाच्या आईनं रिवाजाप्रमाणं सुई-दोरा पुढं केला. "ओव बाई. नजर कशी हाय ते कळू दे."

मंजुळानं पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. मग ती उठली, पिशवीतली सरावाची चिनी सुई आणून तिनं बाईंच्या हातावर ठेवली. "आता ही तुमी ओवा, मावशी."

बाईंनी सुई उजेडात उलटीपालटी करून पाहिली. "हिला तर नेढंच नाय."

"नाय. हिच्यानं फाटकं शिवत नायत," मंजुळा म्हणाली. "सोमवारी मी कोर्सला नाव घालणार हाय. तुमच्या पोराला थांबायचं असंल तर थांबू द्या. नायतर चहा गरम हाय तोवर पिऊन घ्या."