उत्तर झाकण्याचा अधिकार

साइटवर उत्तरं तपासणारा तो मॉडरेटर पूर्वी कुठेतरी तुरुंगावर नोकरीला असणार, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. हे मत ते रोज सकाळी चहाच्या टेबलावर मांडत. त्याच टेबलापाशी उभी राहून चहा गाळणारी त्यांची सून म्हणजेच तो मॉडरेटर, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते सांगायचं धाडस तिला होत नव्हतं.

"काल पुन्हा झाकलं माझं उत्तर," ते म्हणायचे. "म्हणे मुद्द्याला धरून नाही. अरे, तू पाळण्यात होतास तेव्हा मी मोटरींचं वायंडिंग करत होतो. उंटावरून शेळ्या हाकतोय नुसता."

"साखर बरोबर आहे का बघा," ती म्हणायची.

सासऱ्यांचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, गीझर, जे येईल ते. सून लग्न होऊन आली तेव्हा वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरात दुरुस्तीच्या बेंचवर काम करत होती, आणि अजूनही करते. त्यामुळे या घरात सासू-सुनेचं जमायच्या आधी सासरे-सुनेचं जमलं. जेवताना दोघं बेअरिंगवर बोलत आणि सासूबाई कपाळाला हात लावत. पुढे सासूबाई गेल्या. मग सासऱ्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. सोल्डरिंगचं टोक जागेवर टेकेना. दुरुस्ती करणाऱ्याचा हातच हलायला लागला, तर गिऱ्हाईक तरी किती दिवस डोळ्यांवर कातडं ओढणार? दुकान बंद झालं. सासरे खिडकीत बसायला लागले.

तेव्हा सुनेनेच त्यांना ती साइट दाखवली. घरातल्या बिघडलेल्या वस्तूंबद्दल कुणीही तिथे प्रश्न विचारावा आणि ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावं, एवढाच व्यवहार. खरं नाव कुणी लावत नाही. ती तिथे बरीच जुनी होती, 'टेस्टर' या नावाने. सासऱ्यांनी 'जुनी तार' हे नाव घेतलं. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्याचं पाकीट आणि दुसऱ्याचं टोपणनाव उघडून बघू नये, असा त्यांचा शिरस्ता.

"इथे हात लागत नाही, बाबा," ती म्हणाली होती. "नुसतं डोकं लागतं."

"ते अजून जागेवर आहे बहुतेक," ते म्हणाले होते आणि टॅबलेट जवळ ओढला होता.

आता अधिकाराचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. या साइटवर उत्तर उपयोगी पडलं की लोक मत देतात. मतांचे गुण होतात, आणि गुण वाढले की साइट एकेक अधिकार हातात देते. आधी नुसतं वाईट उत्तर दाखवून देण्याचा, मग दुसऱ्याचं लिखाण सुधारण्याचा, मग तोच तो प्रश्न बंद करण्याचा. सगळ्यात शेवटी, एकट्याच्या मताने उत्तर झाकण्याचा, म्हणजे ते कुणाला दिसणार नाही असं करण्याचा. हा शेवटचा अधिकार सुनेला मिळाला, तेव्हा अभिनंदनाच्या निरोपाबरोबर नियमांचं लांबलचक पानही आलं. पाल्हाळ नको. धोक्याचा सल्ला ताबडतोब झाकावा. आणि घरच्या, ओळखीच्या माणसाचं उत्तर समोर आलं तर हात न लावता दुसऱ्याकडे द्यावं. त्यासाठी वेगळं बटण होतं.

नव्या नवलाईत तिने दणका उडवला. जेवणाच्या सुट्टीत बेंचवर डबा उघडायचा, फोन टेकवायचा आणि शंकास्पद उत्तरांची रांग उपसायची. 'ठीक आहे', 'झाका', 'ठीक आहे', 'झाका'. एकदा तिने एका बाईचा ड्रायरचा प्रश्न 'हा आधी विचारलाय' म्हणून बंद केला. बाईने खाली लिहिलं, की जुन्या प्रश्नातल्या माणसाचा ड्रायर गरम होत नव्हता, माझा जळतोय. तिने प्रश्न उघडला, माफी मागितली आणि दिवसभर स्वतःवर चडफडत राहिली. तेव्हापासून ती सावध झाली. बटण दाबायला बोट लागतं, पण त्याआधी डोळे लागतात, हे तिला कळलं.

आणि मग रांगेत 'जुनी तार' यायला लागली.

कुणी विचारावं, पंखा हळू का फिरतो. 'जुनी तार' सुरुवात करायची दुकानाच्या उद्घाटनापासून. मग एक तिरसट गिऱ्हाईक यायचं, मग हल्लीच्या तांब्याला कस कसा राहिला नाही ते यायचं, आणि हे सगळं चऱ्हाट वळून झालं की कुठेतरी तळाशी खरं उत्तर सापडायचं: कपॅसिटर बदला. उत्तर बरोबर असायचं. पण ते शोधेपर्यंत विचारणाऱ्याने नवा पंखा आणला असता.

नियमाप्रमाणे ही उत्तरं तिने दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. तिने दिली नाहीत. दुसरे तपासनीस पहिल्या चार ओळी बघून झाकून मोकळे होत, हे तिने पाहिलं होतं. आपण निदान वाचतो तरी, असं तिने स्वतःला समजावलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती झाकायची, पण खाली लिहायची: "चौथ्या परिच्छेदात उत्तर आहे. तेवढं वर घ्या, बाकी काढा, मी पुन्हा उघडतो." बाईमाणूस आहे हे कळू नये म्हणून 'उघडतो'. एकदा त्यांनी वायंडिंगच्या तारेचा नंबर चुकवला होता, तोही तिने पकडला.

सासरे सकाळी आदळआपट करायचे आणि दुपारी मुकाट्याने उत्तर कापून पुन्हा टाकायचे. ते तिला बेंचवर दिसायचं. कापलेल्या उत्तराला मतं पडायची. संध्याकाळी त्यांची दाढी केलेली असायची.

मग एका आठवड्यात त्यांची तीन उत्तरं लागोपाठ झाकली गेली. दोन तिने, एक दुसऱ्याच कुणी. साइटने आपणहून इशारा पाठवला, की आणखी एक झाकलं गेलं तर तुम्हाला उत्तरं लिहिता येणार नाहीत. सासऱ्यांनी टॅबलेट मिटून कपाटावर ठेवला. चहाच्या वेळी तुरुंगाचा विषय निघाला नाही. ते परत खिडकीत जाऊन बसले आणि जेवायला हाक मारली की "नको, भूक नाही" म्हणू लागले.

"तुझ्याच हातात आहे ना ते?" नवरा म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. "मग जाऊ दे की त्यांचं. कुणाचं काय बिघडतंय?"

"नियम आहेत."

"बाप माझा आहे, नियम त्या साइटचे. आई गेली, दुकान गेलं, हात गेला. आता हेही काढून घेणार का?"

सासऱ्यांना लिहायची बंदी झाली तर त्यांच्याकडे दुसरं काहीच उरणार नाही, हे तिलाही दिसत होतं. तिने टॅबलेट खाली काढून त्यांच्यापुढे ठेवला. "एवढं काय मनाला लावून घेता, लिहा," म्हणाली. आणि मनाशी ठरवलं की 'जुनी तार' नाव दिसलं की 'ठीक आहे'.

घराला बरे दिवस आले. सासरे पुन्हा लिहू लागले आणि पानंच्या पानं लिहू लागले. दोन घास जास्त जेवू लागले. नवरा बायकोकडे बघून हसायचा. फक्त एकदा चहा घेताना सासरे म्हणाले, "तुरुंगवाला सुधारलेला दिसतोय. हल्ली खाली काही लिहीतच नाही. आजारी आहे की काय, कोण जाणे."

"असेल कामात," ती म्हणाली आणि गाळणी धुवायला वळली.

गीझरचा प्रश्न आला तो अशा दिवसांत. विचारणारा एका बेकरीत कामाला होता. गीझर लावला की थोड्या वेळात आपोआप बंद पडतो, काय करावं? 'जुनी तार'ने सविस्तर लिहिलं. कुणीतरी त्यावर शंका घेतली आणि उत्तर रांगेत आलं. सून तेव्हा एका मशीनच्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून बसली होती. तिने रुमालाने बोट पुसलं, नाव बघितलं आणि 'ठीक आहे' दाबलं.

पुढल्या आठवड्यात त्या माणसाने उत्तराखाली लिहिलं. उत्तरात सांगितल्याप्रमाणे त्याने केलं होतं. गीझर सुरू झाला, घरचे खूश झाले. दोन दिवसांनी पाणी उकळलं आणि नळातून वाफेसकट बाहेर आलं. आईचा हात मनगटापासून भाजला. ती दवाखान्यात आहे, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. "दुसऱ्या कुणी असं करू नये म्हणून लिहितोय," एवढंच शेवटी होतं. त्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

तिने उत्तर उघडलं आणि पहिल्यांदाच वाचलं. पाणी फार तापलं की वीज तोडणारा एक छोटा भाग गीझरमध्ये असतो, त्याला कटआउट म्हणतात. त्याच्या दोन तारा थेट जोडून बघा, गीझर चालला तर कटआउट गेलं समजा, असं सातव्या परिच्छेदात होतं. जोडून क्षणभरच बघायचं, तिथून हलायचं नाही, लगेच तारा सोडवायच्या, यातलं काहीच नव्हतं. आणि कटआउट मुळात बिघडलंच नव्हतं. ठरलेल्या तापमानाला गीझर बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला होता, म्हणून ते बिचारं पुन्हा पुन्हा वीज तोडत होतं. तिने ही ओळ वाचली असती तर तिथल्या तिथे अंगावर काटा आला असता. तिने उत्तर झाकलं. बैल गेला आणि झोपा केला. ती साहेबांना सांगून घरी निघाली.

सासरे टेबलापाशी बसले होते. टॅबलेट समोर होता, बंद. त्यांनी वाचलं होतं.

"अर्धंच लिहिलं गं मी," ते म्हणाले. "तारा सोडवा, हे लिहायचंच राहिलं. दुकानात कधी सांगावं लागलं नाही. तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं."

ती समोर बसली. "चूक होते, बाबा."

"माझी होणारच. हात गेला तेव्हापासून डोक्याचाही भरवसा वाटत नाही मला. पण तो होता ना."

"कोण?"

"तो तुरुंगवाला. ओळ न् ओळ वाचायचा माझी. तारेचा नंबर चुकला तोही धरलान त्यानं. मी शिव्या घालायचो, पण मनातून वाटायचं, चला, चुकलो तर धरायला कुणीतरी बसलंय. म्हणून तर लिहायला हात धजायचा." त्यांनी टॅबलेटकडे बोट दाखवलं. "एवढं सगळं दिसायचं त्याला. नेमकं हेच कसं दिसलं नाही?"

गप्प राहणं सोपं होतं. साइटवर तपासनीस पुष्कळ, कुणावर तरी ढकलता आलं असतं. तसा विचार तिच्या मनात आलाही, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"तो मीच आहे, बाबा."

"तू?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"तारेचा नंबरही तूच धरलास?"

"हो."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. चांगलं काम बघितलं की दुकानात उजळायचा तसा. तो क्षण तिला सगळ्यात जड गेला, कारण पुढचा प्रश्न काय येणार हे तिला कळलं होतं.

"मग हे वाचलं होतंस?"

"नाही. नाव बघितलं आणि जाऊ दिलं."

"का?"

"तुम्ही परत खिडकीत बसायला लागला होतात. जेवत नव्हता. मला बघवेना."

ते रागावले असतील म्हणून ती खाली मान घालून बसली. पण ते रागावले नव्हते.

"मी जेवावं म्हणून," ते हळूच म्हणाले. "तोवर मला कारागीर समजत होतीस. मग म्हातारा समजायला लागलीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, आणि तसं नाही, असंही ती म्हणाली नाही, कारण ते खरं होतं.

सासऱ्यांनी टॅबलेट तिच्याकडे सरकवला. "त्या माणसाला लिहायचंय. माझी बोटं आज चालायची नाहीत. मी सांगतो, तू लिही."

तिने टॅबलेट उघडला. त्यांनी घसा साफ केला. "लिही. माझं दुकान होतं, तेव्हा आमच्याकडे—"

तिची बोटं थांबली. "बाबा, हे नको. आधी त्यांच्या आईच्या हाताचं विचारूया."

त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं काढ. ते आधी लिही."