शेवटाकडे पळणारा ड्रम

"भिया, ड्रम कंप्युटरवरच बनवून टाका," निखिल मला म्हणाला. आमच्या माळव्यात भैयाचं भिया होतं. काचेपलीकडे ड्रमसमोर बसलेल्या गौरीला ते ऐकू गेलं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिला कळलं असावं. तिने काठ्या मांडीवर ठेवल्या.

देवासमधला माझा स्टुडिओ भजनांवर चालतो. हेवी मेटलचा अल्बम पहिल्यांदाच आला होता. निखिल धारचा, गिटार वाजवणारा आणि बँडचा कर्ताधर्ता. गौरी इथलीच, कारखान्यातल्या नोकरदाराची मुलगी.

अडचण एकच होती. रेकॉर्डिंगला आम्ही क्लिक लावतो, म्हणजे कानात एकसारखी टकटक. सगळे तिला धरून वाजवतात, म्हणून वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं नंतर एकमेकांवर बसतं. गौरी सुरुवात नीट करायची आणि गाणं संपत आलं की टकटक मागे टाकून पळायची. दटावून बसवलं की ताल बिनचूक यायचा, पण गाण्यातला जीव जायचा. मलाच जांभई आली.

"काका, मी मुद्दाम नाही करत हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "हे लोक मला काढतील ना?"

मला निखिलचा राग आला होता, पण चूक त्याचीही नव्हती. मी गौरीचे सगळे टेक, म्हणजे दरवेळचं रेकॉर्डिंग, एकाखाली एक लावून पाहिले. बघतो तर काय, दरवेळी ती त्याच जागी पळत होती, आणि तेवढीच पळत होती.

"वाजवायला शिकलीस कुठे?"

"कॉलनीच्या गणपतीत. आरतीला ढोलकी माझ्याकडेच असायची."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आरती शेवटाकडे चढतेच. तिथे जो संथ राहील, त्याच्याकडे लोक डोळे वटारून बघतात.

मी क्लिक बंद केली. गौरीला मोकळं वाजवू दिलं आणि तिच्या वाजवण्यावरून नवी टकटक बेतली, शेवटाकडे चढत जाणारी. आता निखिलने गिटार या नव्या टकटकीवर वाजवायची होती.

"अरे यार, हाथ टूट जाएगा!" तो ओरडला.

"मग रियाज कर, भिया!" मी म्हणालो.

आधी चुकला, चिडला. मग हसायला लागला आणि शेवटी उभा राहूनच वाजवू लागला. कंप्युटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

अल्बम झाल्यावर ऐकायला गौरीचे बाबा आले. गायकाची आरडाओरड सुरू होताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग गाणं चढलं आणि ते नकळत टाळ्या वाजवू लागले, अगदी आरतीत वाजवतात तशा. गौरी माझ्याकडेच बघत होती. बाबांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. मला भरून आलं.

आता मी वाजवणाऱ्याला आधी एकदा मोकळं वाजवायला सांगतो. वेळ जातो खरा. पण टकटक काय, नंतरही लावता येते.