पट्टीने मारलेली रेघ

पट्टी लावून मी माझ्याच मुलीवर रेघ मारली आणि खाली झोकदार सहीसुद्धा केली.

त्याचं असं झालं. तारापूरच्या एका कारखान्यात मी पॅनल रूममध्ये असतो. दर तासाला रीडिंग घ्यायचं, लॉगशीट भरायची. जो पंप बंद असेल त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढायची. रकाना रिकामा दिसला तर इंचार्ज विचारतो. रेघ दिसली की कोणी काही विचारत नाही. वीसेक वर्षं हे केल्यावर हाताला रेघेची खोडच लागते.

मुलगी बोईसरला बास्केटबॉल खेळते. तिचे सरही आमच्यासारखेच कारखान्यातले शिफ्टवाले. ड्यूटी सांभाळून मुलींना शिकवतात. तीन मॅच नेमक्या त्यांच्या ड्यूटीत आल्या, म्हणून आपल्या मुलींच्या खेळाचे तक्ते त्यांनी माझ्या हातात दिले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच माझे डोळे," म्हणाले. मी फुगलो. कुणी कितव्या मिनिटाला किती गुण केले, एकूण एक टिपलं. पण गुणांच्या पलीकडे आणखी रकाने होते आणि त्यांच्या डोक्यावर तीन-तीन इंग्रजी अक्षरं. शेजारच्याला विचारलं असतं तर अब्रू गेली असती. म्हणून पट्टी काढली. अब्रू राहिली.

शनिवारी कागद सरांना दिले. जिल्ह्याच्या निवडीसाठी पालघरला दोनच मुलींची नावं जायची होती, रविवारी संध्याकाळपर्यंत. आमच्या कन्येला त्यातलं एक हवं होतं. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसणार नव्हती, म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

रविवारी सकाळी ती मोबाइल घेऊन माझ्या शेजारी बसली. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांची मॅच नुकतीच संपली होती आणि तिचा आकड्यांचा तक्ता आला होता.

"बाबा, हे बघा ना."

बघितलं आणि बघतच राहिलो. आकड्यांत जन्म गेला माझा, पण असा तक्ता पाहिला नव्हता. खेळाडू मैदानात किती मिनिटं होता, बॉल किती वेळा मारला, किती गेले, किती चुकले, रिंगला लागून उडालेला बॉल किती वेळा पकडला, हातातला किती वेळा घालवला. चुकासुद्धा! माझा आकडा चुकला तर मी तो इतका गिरवतो की तिनाचा आठ होतो. इथे एवढ्या मोठ्या माणसाची चूक जगापुढे, आणि त्याच ओळीत त्याचं कसबही. खाली अख्ख्या संघाची बेरीज. कुणी लपलं नाही, कुणी सुटलं नाही.

"याचे गुण फारच कमी आहेत गं," मी एका ओळीवर बोट ठेवलं. "याला कशाला खेळवतात?"

"तोच तर माझा आवडता! हा रकाना बघा, असिस्ट. याने पास दिला आणि पुढच्याने लगेच बास्केट केली की याच्या नावावर एक लागतो. सगळी टीम हाच चालवतो. मी पण तेच खेळते ना, बाबा."

रकान्याच्या डोक्यावर तीन इंग्रजी अक्षरं. तीच.

"तुझे किती झाले असतील? तीन मॅचमध्ये?"

"मला काय माहीत? तुम्ही लिहिलेत ना."

चहा तसाच ठेवून मी तिला स्कूटरवर घातलं. वाटेत सगळं कबूल केलं. "बाबा, जोरात चालवा," एवढंच ती मागून म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

सर मैदानावरच होते, हातात माझेच कागद. "नवापूरची उंच मुलगी नक्की," ते म्हणाले. "दुसरी, तिच्या खालोखाल गुण आहेत ती. तुमची कन्या धावते छान, पण असिस्ट एकही नाही."

"सर, ते शून्य नाही. ती रेघ आहे."

"बंद पंपाची?" सर हसले आणि मग हसायचे थांबले. "अहो, मीही बंदच समजलो की! पण आता काय लिहू? तुम्ही सांगाल ते? तुम्ही बाप आहात."

खरंच होतं. मला तर एकही पास आठवत नव्हता. माझी नजर कायम बॉल पडतो कुठे यावर.

किनाऱ्यावरच्या नवापूरची ती मुलगी जवळच सराव करत होती. ती येऊन उभी राहिली. "सर, मी सांगू? माझी एकेक बास्केट पाठ हाय मला. कागद नका दाखवू."

"मैत्रीण आहेस तिची. तू तर सांगशीलच."

"मग तुमी ताडून बघा ना."

तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. पयली डावीकडून, हिचा पास. दुसरी फाउलवर, ती माझी मीच. तिसरी लांबून, हिनंच दिला. "ही हिची नाय हां, दुसरीची," असंही मधे म्हणायची. सरांचं बोट माझ्या गुणांच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. क्रम जुळत होता, गुण जुळत होते. तिन्ही मॅच! सर पेनाने पासाच्या खुणा करत गेले आणि माझी रेघ त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. माझी मुलगी पाठ फिरवून बॉल आपटत होती, मुद्दाम, तिने खुणावलं असं कुणी म्हणायला नको. मी मात्र मुलीचा खेळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, तोही दुसरीच्या तोंडून.

"एवढं लक्षात कसं राहतं गं?" मी विचारलं.

"आमच्याकडं बाबा होडीवरनं आले की आधी हेच सांगतात, काका. सुकाणू कुणी धरलं, जाळं कुणी ओढलं. मासळी किती ते मागनं."

सरांनी दुसरं नाव आमच्या कन्येचं लिहिलं. खालोखाल गुणवालीचं राखीव म्हणून ठेवलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, रेघेसकट. ती भाजी निवडत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, आकडे बघून झाले असतील तर पोरीच्या बुटांचे तळ बघा जरा. पार गुळगुळीत झालेत. उद्या सेकंड शिफ्ट आहे ना तुमची? सकाळीच तिला दुकानात घेऊन जा. आणि नंबर तिलाच सांगू दे."